बोटीचं इंजिन बाहेर काढायचंय? उद्यमबागेत आम्हाला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या उद्यमबागेत मी इंजिनाचं काम करतो. लॉरी, जनरेटर, शेतपंप हे वर्षभर चालूच असतं. मे संपत आला की मात्र वेंगुर्ला, मालवण, कारवार, गोव्याकडून फोन सुरू होतात. विचारणारे बदलतात, प्रश्न तेच असतात. बोटमालकांना आणि घाटाखाली जाऊन हे काम करणाऱ्या आपल्याकडच्या पोरांना उपयोगी पडावीत म्हणून उत्तरं लिहून ठेवतोय. इथं फक्त बोटीच्या पोटात बसवलेल्या डिझेल इंजिनाबद्दल आहे. मागे लटकवायच्या मोटरचं काम वेगळं.

बेळगावला समुद्र नाही, मग बोटीची इंजिनं इथं का येतात?

वेंगुर्ल्याचं बंदर आणि बेळगावचा बाजार यांचा संबंध जुना आहे. पूर्वी बंदरावर उतरलेला माल आंबोली चढून इथं यायचा, आता इंजिनं येतात. क्रँक (इंजिनातला मुख्य फिरता दांडा) ग्राइंडिंग, बोअरिंग, लायनर बसवणं, ब्लॉकची पाण्याच्या दाबाखाली तपासणी हे सगळं उद्यमबागेत एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत चालत जाऊन होतं. एखादा भाग बाजारात मिळालाच नाही, तर ओतून देणाऱ्या फाउंड्र्या शेजारी आहेत. शिवाय मच्छीमार बोटीतलं सहा सिलिंडरचं इंजिन बहुतेक वेळा लॉरीच्याच घराण्यातलं असतं. क्रँक, पिस्टन, लायनर ओळखीचे. वेगळं असतं ते थंड करण्याचं सामान, खाऱ्या पाण्याचा पंप आणि गिअरबॉक्स. या वेगळ्या भागांत हात घालण्याआधी त्यांची माहिती असलेला माणूस आहे का, हे आमच्याकडे येतानाही विचारा.

इंजिन बाहेर काढायलाच हवं का?

हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा, पण तो शेवटी विचारला जातो. "धूर सोडूलालंय, काढा बाहेर" एवढ्यावर आम्ही पाना हातात घेत नाही.

काळा धूर आणि ओढ कमी, एवढीच तक्रार असेल तर आधी बोटीचा तळ आणि बोट ढकलणारा पाण्यातला पंखा बघा. तळाला शिंपले-कालवं चिकटली असतील, पंख्याच्या पात्याला मार बसला असेल किंवा जाळ्याची दोरी शाफ्टला, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या दांड्याला, गुंडाळली गेली असेल, तर चांगलं इंजिनही काळा धूर सोडतं. गेल्या काही वर्षांत मी स्वतः दोन बोटी अशा पाहिल्या, जिथं इंजिन काढायची सगळी तयारी झाली होती आणि दोष पंख्याला अडकलेल्या नायलॉनच्या गुंत्यात होता. मग एअर फिल्टर, डिझेल फिल्टरमधलं पाणी, टॅपेटचं अंतर आणि नोझल तपासा. ही सगळी कामं जागेवर होतात.

हेड गॅस्केट, नोझल, पंप, स्टार्टर, अल्टरनेटर, हीट एक्स्चेंजर यांच्यासाठीही इंजिन हलवायची गरज नसते. वरून हात पोहोचला म्हणजे झालं.

बाहेर काढावं लागतं ते असं: गरम इंजिनात ऑइलचा दाब पडतो आणि ताजं ऑइल घालूनही वाढत नाही, खालून ठोका ऐकू येतो, ब्रीदरमधून वाफेसारखा धूर जोरात येतो आणि सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजल्यावर कमी भरतं, किंवा ऑइल ताकासारखं पांढरट होतं आणि हेड उतरवूनही कारण सापडत नाही. लॉरीखाली झोपून संप (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) उतरवता येतो, बोटीत इंजिनाच्या खाली हात जाईल एवढीसुद्धा जागा नसते. म्हणून मेन बेअरिंग आणि क्रँकपर्यंत जायचं असेल, तर उचलण्याशिवाय इलाज नाही.

कधी काढावं?

पश्चिम किनाऱ्यावर केंद्राच्या मासेमारी बंदीचे ६१ दिवस १ जून ते ३१ जुलै असे असतात. सगळ्यांची इंजिनं याच काळात निघतात, त्यामुळे जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्या दारात रांग लागते. बोट एप्रिलमध्येच कुरकुरत असेल तर तेव्हाच कळवा. कॉम्प्रेशन मोजून, भागांची यादी करून ठेवता येते आणि जुलै रिकाम्या हातांनी भागांची वाट बघण्यात जात नाही. परत बसवायला आणि पाण्यात चालवून बघायला शेवटचे दहा दिवस राखून ठेवा. नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी बसवलेलं इंजिन समुद्रात पाठवायला मी तयार नसतो, आणि यावरून माझे ओळखीच्या माणसांशी वाद झालेले आहेत.

बोट पाण्यात असताना इंजिन काढता येतं का?

येतं, पण दोन गोष्टींचा धोका असतो.

पहिली गोष्ट शाफ्ट. कपलिंग (गिअरबॉक्स आणि शाफ्ट जोडणाऱ्या दोन थाळ्या) सोडल्यावर शाफ्ट मोकळा होतो. तो मागे सरकत ग्लँडमधून (शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथं पाणी अडवणाऱ्या जोडातून) निसटला तर शाफ्टच्या भोकातून थेट पाणी आत येतं आणि बोट धक्क्यालाच बुडू शकते. कपलिंगचे बोल्ट सोडण्याआधी ग्लँडच्या आतल्या बाजूला शाफ्टवर भक्कम क्लँप आवळा. पंखा सुकाणूला अडून राहील असं गृहीत धरू नका, आधी बघून घ्या. ग्लँडची पॅकिंग डोरी थोडी आवळून ठेवा आणि बोटीवर रात्री माणूस ठेवा.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटी. धक्क्यावरच्या क्रेनला इंजिन टांगलेलं आहे आणि खालून बोट वर येते आहे, ही परिस्थिती यायलाच नको. उधाणाच्या दिवसांत पाण्याचा चढउतार मोठा असतो. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, तेव्हा चढउतार कमी. तांडेलला, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाला, हे सांगावं लागत नाही, घाटावरून गेलेल्या फिटरला मात्र सांगावं लागतं. मला एका म्हाताऱ्या तांडेलांनी सांगितलं होतं. तेव्हापासून मी तारीख ठरवताना आधी तिथी विचारतो.

बोट ओढून किनाऱ्यावर घेता आली तर सगळ्यात बरं. त्याच वेळी तळ आणि पंखाही हाताखालून जातो.

सोडण्याचा क्रम कसा ठेवावा?

बॅटरी आधी, निगेटिव्ह वायर पहिली. मग समुद्राचं पाणी आत घेणारा कॉक बंद करून त्याला चिठ्ठी बांधा. डिझेलचा कॉक बंद. कूलंट आणि ऑइल भांड्यात काढून घ्या, बोटीच्या तळात सोडू नका. ते पाणी पुढे खाडीतच जातं आणि त्याच खाडीत आपल्याच माणसांची जाळी असतात.

मग सायलेन्सरचा पाइप, पाण्याचे होज, डिझेलच्या नळ्या, अ‍ॅक्सिलेटर आणि गिअरच्या केबली, वायरिंग. उघडं पडलेलं प्रत्येक तोंड लगेच बंद करा. प्लास्टिकची टोपी किंवा लाकडी बूच चालेल, चिंधी कोंबू नका. चिंधी आत राहून जाते.

शेवटी कपलिंग आणि त्यानंतर पायांचे बोल्ट.

खुणा करायच्या म्हणजे नेमकं काय?

मोबाइलने भरपूर फोटो काढा, पण फोटोवर विसंबू नका. फोटोत वायरचा रंग दिसतो, ती कुठल्या नटाखाली होती ते दिसत नाही. प्रत्येक वायरला कापडी टेप लावून त्यावर नंबर, आणि तोच नंबर वहीत.

कपलिंगच्या दोन्ही थाळ्यांवर सेंटर पंचने समोरासमोर एकेक ठिपका मारा, म्हणजे परत तशाच जुळतील. इंजिनाच्या प्रत्येक पायाखाली पॅकिंगचे पत्रे असतात, कुठं दोन तर कुठं पाच. ते पायानुसार वेगवेगळ्या पिशवीत बांधा आणि पिशवीवर लिहा: पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा डावा, मागचा उजवा.

हे मी इतकं खुलवून सांगतो, कारण शिकाऊ असताना एकदा माझ्याच हातून चारी पायांचे पत्रे एका डब्यात गेले. इंजिन बनून तयार होतं, पाऊस धरला होता, आणि पाय कुठला किती उंच होता याचा पत्ता लागेना. दोन दिवस आम्ही तीन माणसं एक पत्रा घालून, दोन काढून बघत बसलो होतो. बोटीचा मालक काही बोलला नाही, घरून जेवण आणून देत राहिला. ते जेवण मला अजून आठवतं.

गिअरबॉक्ससकट काढावं की वेगळा करून?

आधी वरचं दार मोजा. इंजिनाची लांबी, रुंदी, उंची आणि दाराची मोकळी जागा कागदावर लिहा. गिअरबॉक्ससकट इंजिन तिरकं करून निघत असेल तर सकटच काढा, दोघांचं जुळणं टिकून राहतं. निघत नसेल तर गिअरबॉक्स मागे सरकवून बोटीतच लाकडावर ठेवता येतो. पण त्याचं वजन एका क्षणासाठीही इनपुट शाफ्टवर लोंबकळू देऊ नका. काही बोटींत केबिनची फळी काढावी लागते. सुताराला आदल्या दिवशी बोलवा.

उचलायला किती ताकदीची चेन पुली लागते?

सहा सिलिंडरचं इंजिन गिअरबॉक्ससह पाऊण टनाच्या आसपास भरतं. नेमका आकडा कंपनीच्या पुस्तकात बघा. माझा नियम वजनाच्या दुप्पट. एक टनाच्या आतल्या इंजिनाला दोन टनाची पुली, आणि तीही कामाच्या आदल्या दिवशी वजन टांगून तपासलेली.

चूक बहुधा पुलीत होत नाही, साखळीच्या कोनात होते. दोन पायांच्या साखळीने इंजिन उचललं आणि प्रत्येक पाय आडव्या रेषेशी ६० अंशांत असला, तर प्रत्येकावर वजनाच्या सुमारे ५८ टक्के ताण येतो. ४५ अंशांना तो ७१ टक्के होतो. ३० अंशांवर प्रत्येक पायावर पूर्ण वजनाएवढा ताण, म्हणजे पाऊण टनाच्या इंजिनाला प्रत्येक पायावर पाऊण टन! शिवाय उचलायचे डोळे आतल्या बाजूला ओढले जातात आणि हेडचा बोल्ट वाकतो. दार बुटकं म्हणून साखळी आखूड घेतली जाते आणि हेच होतं. अशा वेळी साखळीच्या दोन पायांमध्ये आडवा लोखंडी बार घाला.

इंजिन बोटीत मागे उताराने बसलेलं असतं. तोच उतार ठेवून ते थोडं वर येऊ द्यायचं, मग सरळ करायचं. यासाठी मागच्या बाजूला एक छोटी वेगळी चेन पुली बांधली की बोटाने हलवल्यासारखं काम होतं.

पुली कशाला बांधायची? केबिनच्या तुळईला नाही. ती तुळई ऊन-पावसासाठी घातलेली असते, पाऊण टनासाठी नाही. लोखंडी पाइपची तिपाई किंवा गॅन्ट्री डेकवर उभी करा, तिच्या पायांखाली जाड फळ्या द्या आणि डेकच्या खाली, त्याच जागी, बल्ल्यांचा टेकू द्या. इंजिन टांगलेलं असताना कुणीही खाली हात घालायचा नाही, अडकलेला पाइप दिसला तरी नाही. इंजिन आधी लाकडावर टेकवा, मग पाइप सोडवा. या एका बाबतीत मी माणूस कामावरून परत पाठवला आहे.

घाट चढून आणताना काय काळजी घ्यावी?

इंजिन संपवर कधीही उभं करू नका. संपचा पत्रा चेपला तर ऑइल ओढणाऱ्या जाळीला लागतो आणि नंतर दाब का येत नाही ते कळत नाही. पायांच्या ब्रॅकेटवर वजन येईल असा लाकडी साचा करा आणि चारी बाजूंनी साखळीने ताणा. जून-जुलैत आंबोलीचा पाऊस आडवा लागतो. इंटेक आणि सायलेन्सरचं तोंड बुचाने बंद, वर ताडपत्री.

कागदांचंही बघा. वेंगुर्ल्याकडून येताना शिनोळीनंतर राज्य बदलतं, चोर्ल्याने आलात तरी बदलतं. सोबत डिलिव्हरी चलन ठेवा, त्यावर इंजिन नंबर आणि 'दुरुस्तीसाठी, विक्रीसाठी नाही' असं स्पष्ट लिहा. मालाची किंमत ५०,००० रुपयांच्या वर जात असेल तर ई-वे बिलाची तरतूद गाडी निघण्याआधी करून ठेवा. रात्री घाटात गाडी अडली म्हणजे ड्रायव्हरचे हाल होतात.

बुडालेल्या बोटीचं इंजिन वाचतं का?

वेळेवर हात लागला तर पुष्कळदा वाचतं. इंजिन पाण्याखाली असेतोवर हवा कमी लागते, गंज वर काढल्यावर धावत येतो. म्हणून वर काढण्याआधीच गोडं पाणी, डिझेल आणि ऑइल तयार ठेवा.

स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. सगळी नोझल काढा, इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढा, गोड्या पाण्याने आतून-बाहेरून धुवा, सगळं ऑइल बदला आणि सिलिंडरमध्ये ऑइल सोडून पुन्हा हाताने फिरवा. स्टार्टर आणि अल्टरनेटर वेगळे धुऊन वाळवा. इंजिन बेळगावला पाठवायचं असेल तर हे सगळं खाली किनाऱ्यावरच करून, ऑइल भरून पाठवा. "वर गेल्यावर बघू" म्हणून दोन दिवस तसंच ठेवलेलं इंजिन आमच्याकडे येतं, तेव्हा लायनरवर तांबूस पट्टे पडलेले असतात. ते बघवत नाही.

क्रँक किती वेळा घासता येतो?

बेअरिंग शेल साधारण ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिलिमीटर अशा कमी मापांत मिळतात, पण प्रत्येक इंजिनाला शेवटचं माप चालेलच असं नाही. कंपनीच्या पुस्तकातली मर्यादा ओलांडू नका. आधी तडा तपासून घ्या. तडा असलेला क्रँक घासण्यावर पैसे घालू नयेत. मेन बेअरिंगच्या टोप्या आणि रॉडच्या टोप्या जिथल्या तिथंच जायला हव्यात, त्यांची अदलाबदल चालत नाही.

ब्लॉकच बदलावा लागला तर इंजिन नंबर बदलतो. बोटीच्या नोंदणीत जुना नंबर असतो, तेव्हा मत्स्य खात्यात आधी कळवा.

इंजिन बाहेर असताना बोटीत काय करून घ्यावं?

ही संधी वर्षानुवर्षं परत येत नाही. इंजिनाखालचा तळ धुऊन काढा. पाय ज्या लाकडावर बसतात ते टोच्याने टोचून बघा, टोच्या सहज आत गेला तर लाकूड कुजलं आहे. पायांचे बोल्ट वरून धड दिसतात आणि मध्ये गंजून बारीक झालेले असतात, एखादा काढून बघा. शाफ्टमागच्या बेअरिंगचा खेळ, ग्लँडची डोरी, डिझेल टाकीतला गाळ, समुद्राच्या पाण्याचा कॉक आणि त्याचे क्लँप सगळं बघून घ्या. जस्ताचे तुकडे अर्ध्याच्या खाली झिजले असतील तर बदला. खाऱ्या पाण्यात जस्त आधी झिजतं म्हणूनच पंखा आणि शाफ्ट टिकतात.

परत बसवल्यावर कंपन येतंय. काम नीट झालं नाही का?

इंजिनाचं काम नीट झालेलं असू शकतं आणि अलाइनमेंट चुकलेली असू शकते. बसवण्याच्या कामातला अर्धा जीव इथंच असतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

किनाऱ्यावर ठोकळ्यांवर उभी असलेली बोट आणि पाण्यात तरंगणारी बोट यांचा आकार एकच नसतो. लाकडी बोट तर पाण्यात गेल्यावर फुगते आणि बसते. किनाऱ्यावर केलेली अलाइनमेंट कच्ची धरायची. बोट पाण्यात सोडा, एक-दोन दिवस राहू द्या, टाकीत डिझेल नेहमीएवढं भरा आणि मग कपलिंग उघडून पुन्हा मोजा.

दोन्ही थाळ्या हाताने एकमेकींना भिडवा. बाहेर आलेल्या शाफ्टचं टोक स्वतःच्या वजनाने खाली झुकतं, त्याला नीट आधार द्या. मग फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फट मोजा. थाळीच्या दर १०० मिलिमीटर व्यासाला ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. गिअरबॉक्सच्या कंपनीने यापेक्षा कडक आकडा दिला असेल तर तो पाळा.

खाली फट जास्त असेल तर इंजिनाचं पुढचं टोक उंच आहे, पुढचे पत्रे कमी करा. वर फट जास्त असेल तर पुढचं टोक उचला. बाजूला फट असेल तर इंजिन आडवं सरकवायचं. हे करताना दोन्ही थाळ्यांच्या कडा एका रेषेत आहेत की नाही, तेही बोटाने चाचपत राहा. पायांचे नट आवळल्यावर पुन्हा मोजा, कारण आवळताना इंजिन हलतं.

आता गिअरबॉक्सची थाळी तशीच ठेवून शाफ्ट अर्धा फेरा फिरवा आणि पुन्हा मोजा. फट शाफ्टबरोबर फिरून दुसऱ्या बाजूला गेली, तर शाफ्ट वाकलेला आहे किंवा त्याची थाळी वाकडी बसली आहे. मग पायांखाली कितीही पत्रे घाला, कंपन जाणार नाही.

कृष्णेच्या किंवा धरणाच्या पाण्यात चालणाऱ्या नावेचं इंजिन वेगळं का?

मिठाचा त्रास नाही, गाळाचा आहे. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी लाल होतं, तेव्हा पाण्याच्या पंपाचं रबरी चक्र लवकर झिजतं आणि पाण्याच्या वाटा भरतात. अथणी, रायबागकडून माझ्याकडे आलेल्या नावांची इंजिनं शेतपंपासारखी, एक किंवा दोन सिलिंडरची होती. तेवढं इंजिन चार माणसं बांबूला दोर बांधून उचलायला बघतात. तसं करू नका, पाय घसरतो. त्यालाही तिपाईच लावा.

पहिले तास कसे चालवावं?

पहिल्यांदा चालू करण्याआधी समुद्राचा कॉक उघडला का, ते स्वतः जाऊन बघा. आपण बांधलेली चिठ्ठी तिथंच असते. चालू झाल्यावर ऑइलचा दाब, मग मागून पाणी पडतंय का, मग ग्लँड. डोरीच्या ग्लँडमधून शाफ्ट फिरताना मिनिटाला काही थेंब पडायलाच हवेत. अगदी कोरडा आवळलात तर शाफ्टवर खाच पडते.

बराच वेळ नुसतं सावकाश चालवत ठेवू नका, पिस्टनच्या रिंगा बसत नाहीत. मध्यम ओढ द्या, ती कमीजास्त करत राहा, पण पूर्ण ताकद आणि भरलेलं जाळं पहिल्या फेऱ्यांना नको. साधारण ५० तासांनी ऑइल आणि फिल्टर बदला, टॅपेट बघा, पायांचे नट आवळा आणि कपलिंग एकदा पुन्हा उघडून मोजा. काढलेलं ऑइल पांढऱ्या फडक्यावर ओतून त्याचा फोटो मला पाठवा. कण दिसले तर ते कुठल्या धातूचे, हे रंगावरून पुष्कळसं कळतं.